एचआयव्ही उपचारांची फलनिष्पत्ती, युवकांमधील (सोलापूर)

एआरटी (विषाणुरोधक उपचार) सुरू झालेले एचआयव्हीबाधित युवक उपचारात किती काळ टिकतात, त्यांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण किती घटते आणि किती जण दगावतात, या तिन्हींचा एकत्रित विचार. सोलापूर शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात (बोलीत ‘सिव्हिल’) हे उपचार मोफत मिळतात.

भारतात पहिले एचआयव्हीबाधित १९८६ मध्ये चेन्नईत आढळले. सोलापूर परिसरात संसर्ग १९९० च्या दशकात पसरला असावा. त्याचे श्रेय काही अभ्यासक पुणे-हैदराबाद व विजापूरकडे जाणाऱ्या महामार्गांवरील मालवाहतुकीला देतात, तर काही मुंबई-पुण्याकडे होणाऱ्या मजुरांच्या ये-जा करण्याला. दुष्काळी तालुक्यांची परिस्थिती पाहता दुसरे मत अधिक पटते. मात्र दोन्ही कारणे वेगळी काढणे कठीण आहे.

‘युवक’ म्हणजे कोण, याबद्दल एकवाक्यता नाही. जागतिक आरोग्य संघटना १०-१९ वर्षे वयाच्या व्यक्तींना किशोरवयीन, १५-२४ वयाच्यांना युवा आणि १०-२४ या संपूर्ण गटाला तरुण मानते. भारताच्या २००३ च्या युवा धोरणात ही मर्यादा १३-३५ होती, २०१४ च्या धोरणात ती १५-२९ झाली. एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या आकडेवारीत मात्र ढोबळ विभागणी चालते: १५ वर्षांखालील ते बालक, बाकी सारे प्रौढ. त्यामुळे अकरावीतला मुलगा आणि पन्नाशीचा ट्रकचालक एकाच रकान्यात येतात आणि किशोरवयात फलनिष्पत्तीत होणारी घसरण सरासरीत बुजून जाते. ही घसरण काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये दाखवून दिले, की २००५ ते २०१२ या काळात एड्समुळे होणारे एकूण मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, पण किशोरवयीनांचे सुमारे ५० टक्क्यांनी वाढले.

वयापेक्षाही संसर्गाचा मार्ग महत्त्वाचा ठरतो. आईकडून संसर्ग झालेली मुले लहानपणापासून गोळ्या घेत आलेली असतात. अनेकांचे पालक हयात नसतात आणि आजार काय आहे हे त्यांना उशिरा सांगितलेले असते. पुढे लैंगिक संबंधांतून बाधित झालेल्यांचे निदानच उशिरा होते. दोन्ही गटांची टक्केवारी एकत्र करणे अप्रशस्त होय.

दुसरा वाद ‘उपचार सुटलेला रुग्ण’ या संज्ञेचा. राष्ट्रीय कार्यक्रमात दीर्घकाळ सुमारे ३ महिने न आलेला रुग्ण असा मानला जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ठरलेल्या तारखेनंतर २८ दिवस पुरेसे आहेत. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. मंगळवेढा, सांगोल्याकडून ऊसतोडीला गेलेला तरुण हंगाम संपेपर्यंत परत येत नाही. त्याने दुसऱ्या जिल्ह्यातील केंद्रातून गोळ्या घेतल्या, पण बदलीची नोंद झाली नाही, तर कागदोपत्री तो सुटलेलाच. म्हणून केंद्रातील हजेरीपेक्षा विषाणुभार चाचणी (व्हायरल लोड) हा निकष विश्वसनीय मानावा. एका मिलिलिटर रक्तात विषाणूच्या १,००० पेक्षा कमी प्रती आढळल्यास विषाणू दबला असे समजतात.

मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. महाराष्ट्र पहिल्या सहा राज्यांत होता. बालकांसाठीचा स्वतंत्र उपक्रम २००६ मध्ये आला. प्रारंभी सीडी-४ पेशी (विषाणू ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) दर घन मिलिमीटर रक्तात २०० च्या खाली गेल्यावरच उपचार मिळत. २०१७ पासून निदान होताच मिळतात. पूर्वीच्या एकत्रित गोळीत एफाव्हिरेन्झ हे औषध असे. ती झोपताना घ्यायची, चक्कर व विचित्र स्वप्ने हे तिचे दुष्परिणाम. यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्याला ती गैरसोयीची. डोल्युटेग्राव्हिर हे नंतर आलेले औषध असलेली गोळी दिवसातून एकदा, कोणत्याही वेळी घेता येते व तिच्याविरुद्ध प्रतिरोध सहजी निर्माण होत नाही. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असल्यास डोल्युटेग्राव्हिरची मात्रा दुप्पट करावी लागते [⟶ क्षयरोग].

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व दखनी बोलणारी कुटुंबे आहेत, त्यामुळे समुपदेशकाची भाषा हा उपचाराचाच भाग ठरतो. अनाथ बाधित मुलांसाठी पंढरपूरजवळ मंगलताई शहा यांनी २००१ मध्ये सुरू केलेला ‘पालवी’ हा प्रकल्प परिचित आहे. अशा वसतिगृहांत गोळ्या वेळेवर जातात, खरी कसोटी मुले तेथून बाहेर पडल्यावर लागते.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने शिक्षण व नोकरीतील भेदभावास मनाई केली. त्यात एक दुर्लक्षित तरतूद आहे : कुटुंबाचा भार वाहणारे १२ ते १८ वयाचे समंजस भावंड धाकट्या भावंडांचे पालक म्हणून निर्णय घेऊ शकते.

जन्मतः बाधित मुली आता माता होत आहेत. उपचार नसल्यास बाळाला संसर्ग होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के, उपचार नियमित असल्यास ५ टक्क्यांहून कमी असतो. बाळाची पहिली चाचणी सहाव्या आठवड्यात, टाचेतील रक्ताचे ठिपके कागदावर घेऊन करतात. अंतिम निदान १८ महिन्यांनी होते.