ट्रेनिंगचा मजकूर सांभाळणारी प्रणाली कशी निवडावी
(हॉटेल, कारखाना आणि दुकानसाखळी चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगसाठी सॉफ्टवेअर घ्यायला निघालात की दोन निरनिराळ्या वस्तू एकाच नावाखाली समोर येतात. एलएमएस (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टम) नोंदी ठेवते: कोणी कोणता कोर्स केला, गुण किती पडले, प्रमाणपत्राची मुदत कधी संपते. एलसीएमएसमध्ये (लर्निंग कंटेंट मॅनेजमेंट सिस्टम, म्हणजे मजकूर सांभाळणारी प्रणाली) तो कोर्स लिहिला जातो, सुट्या तुकड्यांत साठवला जातो, आणि एकच तुकडा अनेक कोर्सांत वापरता येतो. काही उत्पादने दोन्ही कामे करतात, पण बहुधा एक बाजू भक्कम आणि दुसरी नावापुरती असते.

फरक समजायला एक उदाहरण घेऊ. हॉटेलच्या किचन, स्टोअर, बुफे आणि बार अशा चार कोर्सांत ‘फ्रीजचे तापमान ५ अंशांवर जाऊ देऊ नका, दिवसातून दोनदा नोंद करा’ ही सूचना आहे. कोर्स इंग्रजी, हिंदी, मराठी आणि कोकणीत आहेत. उद्या नोंद तीनदा करायची ठरली, तर १६ जागी दुरुस्ती आली. त्यातली एखादी हमखास राहते, आणि रात्रपाळीचा मुलगा नेमका तोच कोर्स वाचून दोनदा नोंद करत राहतो. एलसीएमएसमध्ये ही सूचना हा एकच तुकडा असतो. इंग्रजी मजकूर बदलला की उरलेली तीन भाषांतरे ‘जुनी’ म्हणून लाल दिसायला हवीत, आणि ती सुधारली की चारही कोर्स आपोआप बदलायला हवेत. डेमोत विक्रेत्याला हेच करून दाखवायला सांगा. ‘कोर्स कॉपी करून बदला’ असे उत्तर आले, तर ती एलसीएमएस नव्हे.

तुमचे कोर्स पाच-सहाच असतील, भाषा एक असेल आणि मजकूर वर्षातून एकदा बदलत असेल, तर एलसीएमएस घेऊ नका. मूडलसारखी मुक्त (ओपन सोर्स) एलएमएस आणि कोर्स बनवायचे एक साधन एवढ्यावर काम व्यवस्थित भागते. अशा ग्राहकाला आम्ही मोठी प्रणाली सुचवत नाही.

स्कॉर्मची गाठ

एका प्रणालीतला कोर्स दुसरीत चालावा म्हणून स्कॉर्म हे मानक आहे. त्याची २००१ची १.२ ही आवृत्ती आजही सर्रास चालते, पण तिच्या मर्यादा ठाऊक हव्यात. शिकणारा कुठवर आला याची खूण साठवायला तिच्यात फक्त ४,०९६ अक्षरांची जागा आहे. लांबलचक, प्रश्नांनी भरलेल्या कोर्सात ती भरते. मग माणूस दुसऱ्या दिवशी लॉगिन करतो तेव्हा कोर्स पहिल्या पानापासून सुरू होतो आणि सगळे इंटरनेटला दोष देतात. उपाय दोन: कोर्स १५-२० मिनिटांच्या भागांत तोडा, किंवा स्कॉर्म २००४ची चौथी आवृत्ती वापरा, तिच्यात ही जागा ६४,००० अक्षरांची आहे. मात्र मूडलवर जाणार असाल तर १.२च धरून चला, २००४ला तिथे पूर्ण आधार नाही.

१.२मध्ये ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ यांना मिळून एकच रकाना आहे. चाचणीत नापास झालेला माणूस पाने संपवली म्हणून ‘पूर्ण’ दिसतो, तो याचमुळे. कोर्स बाहेर काढताना (एक्सपोर्ट करताना) ‘स्थिती चाचणीच्या गुणांवर ठरवा’ हा पर्याय निवडा.

स्कॉर्म पॅकेज, म्हणजे कोर्सची झिप फाइल, अपलोडच होत नसेल, तर ती उघडून पाहा. आयएमएसमॅनिफेस्ट (imsmanifest.xml) ही फाइल झिपच्या तोंडाशीच हवी. आतला मजकूर निवडून झिप करायच्या ऐवजी अख्खा फोल्डर झिप केला, की ती एक पायरी आत जाते आणि प्रणालीला सापडत नाही.

एक्सएपीआय आणि सीएमआय५ ही पुढची मानके आहेत. नेट नसताना घेतलेले ट्रेनिंग किंवा यंत्रावर केलेला सराव नोंदवायचा असेल तर ती कामाची. पण त्या नोंदी बसून पाहणारा माणूस तुमच्याकडे नसेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

भाषा आणि लिपी

जुन्या मराठी फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (आजच्या सर्वमान्य युनिकोड पद्धतीआधीच्या) असतील, तर पेस्ट केल्यावर कचरा दिसेल. त्या आधी रूपांतरित कराव्या लागतात, आणि तो खर्च कोटेशनमध्ये धरलेला नसतो. प्रमाणपत्राची पीडीएफ काढून ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘विठ्ठल’ ही नावे तपासा. पडद्यावर बरोबर दिसणारी जोडाक्षरे पीडीएफमध्ये फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाते. एक्सेलमधून नावे भरताना फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन करा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हे येतील. कोकणी देवनागरीत द्यायची की रोमीत (रोमन लिपीत), हे तुमच्या कामगारांना विचारूनच ठरवा. दोन्ही हव्या असतील तर प्रणालीत त्या दोन स्वतंत्र भाषा म्हणून नोंदवता आल्या पाहिजेत. वाचनाची सवय नसलेल्यांसाठी प्रत्येक तुकड्याला आवाज जोडायची सोय हवीच.

फोन, नेट, पाऊस

दर सेकंदाला १ मेगाबिट दराचा दहा मिनिटांचा व्हिडिओ सुमारे ७५ एमबी होतो. पाळीच्या सुरुवातीला वीस जणांनी एकदम लावला, तर वायफायला सलग २० एमबीपीएस द्यावे लागतात. ते जमत नसेल तर व्हिडिओ आधी उतरवून ठेवणारे अॅप पाहा. पावसात वीज गेली की कोर्स मध्येच तुटतो. म्हणून प्रगती दर पानाला सर्व्हरवर जाते की शेवटचे बटण दाबल्यावर, हे विचारून घ्या. कामगाराच्या स्वतःच्या साध्या फोनवर कोर्स चालवून, मधल्या पानावर नेट बंद करून बघा.

औषध आणि अन्न

गोव्यातल्या वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतून अमेरिकेत औषधे पाठवणाऱ्या कंपन्यांना २१ सीएफआर भाग ११ हा इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचा अमेरिकी नियम लागू होतो. कोणी, केव्हा, काय बदलले याचा पुसता न येणारा माग तिथे लागतो. कामगार एसओपीच्या (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीच्या) कोणत्या आवृत्तीवर प्रशिक्षित झाला, हेही दाखवता यायला हवे. नवी आवृत्ती चढवल्यावर जुनी पुसली जाणारी प्रणाली इथे बाद समजा. अन्नधंद्यात दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे फॉस्टॅक (एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा प्रशिक्षण कार्यक्रम) केलेला एक पर्यवेक्षक लागतो. घरचा कोर्स कितीही चांगला असला तरी त्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

दर आणि करार

दर ‘नोंदणीकृत’ माणशी आहे की ‘त्या महिन्यात सक्रिय’ माणशी, हे लेखी घ्या. ६० कायम आणि ऑक्टोबर ते मे ९० हंगामी माणसे असतील, तर पहिल्या पद्धतीत जुलैतही १५०चे पैसे जातात, दुसरीत फार तर ६०चे.

बाहेर पडायची वाटही आधीच पाहा. स्कॉर्म पॅकेज मिळणे पुरेसे नाही, कारण तो तयार माल असतो आणि त्यात सहज दुरुस्ती करता येत नाही. मूळ मजकूर, चित्रे, आवाज, भाषांतरे आणि कर्मचाऱ्यांच्या नोंदी उघडता येतील अशा स्वरूपात किती दिवसांत मिळतील, हे करारात लिहून घ्या आणि चाचणीच्या काळातच एकदा काढून पाहा.

पहिल्या भेटीला येताना तीन गोष्टी आणा: सर्वांत जास्त वेळा बदलणारा तुमचा कोर्स, तो कोणकोणत्या भाषांत लागतो त्याची यादी, आणि जुलै व डिसेंबरमधली माणसांची संख्या.