पुणे जिल्ह्यातील दुष्काळी मदत : ‘सदृश’ या शब्दाची पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यात अजूनही ‘यंदा आणेवारी किती लागली?’ असेच विचारले जाते, कागदोपत्री तिची पैसेवारी होऊन कित्येक वर्षे लोटली तरी. इंग्रजी अमलात पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आले, यावर शेतसारा माफ करायचा की तहकूब, हे ठरत असे. पुढे तीच मोजणी दुष्काळाची कसोटी बनली आणि पैसेवारी 50 पैशांच्या आत, म्हणजे पीक निम्म्याहून कमी, आली की गावाला सवलती मिळू लागल्या. 1972 च्या दुष्काळात मदत म्हणजे प्रामुख्याने काम आणि धान्य होते. हेक्टरी रक्कम थेट बँक खात्यात जमा होणे ही फार अलीकडची गोष्ट आहे.

सध्याच्या मदतीचा पाया 2015 मध्ये घातला गेला. त्या वर्षी केंद्राने पीकनुकसानीची किमान अट 50 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आणली आणि कोरडवाहू पिकांचा दर हेक्टरी 6,800 रुपये केला. 2022 नंतर हाच दर 8,500, बागायतीचा 17,000 आणि बहुवार्षिक पिकांचा 22,500 रुपये झाला. कोरडवाहू एकराला हे साधारण 3,440 रुपये पडतात. बियाणे, खत आणि पेरणीची मजुरी धरली, तर एवढ्यात पेरणीचा खर्चही भागत नाही.

खरा गुंता मात्र ‘दुष्काळसदृश’ या शब्दाचा आहे. 2015 च्या हंगामात 50 पैशांच्या आतील गावांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असल्याचे राज्याने जाहीर केले. या शब्दावरून वाद न्यायालयात गेला आणि मे 2016 मध्ये, म्हणजे उन्हाळा संपत आला असताना, त्या शब्दाऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, असा शासनाचा खुलासा आला. त्याच वर्षी केंद्राची दुष्काळ ठरवण्याची नवी संहिता आली आणि पैसेवारीऐवजी पावसातील तूट, पावसाचा खंड, पेरणीखालील क्षेत्र, जमिनीतील ओलावा, वनस्पती निर्देशांक (उपग्रहावरून मोजलेली पिकांची हिरवळ) आणि भूजल पातळी यांवर दुष्काळ ठरू लागला. या निकषांवर 2018 मध्ये राज्यातील 151 तालुके दुष्काळी ठरले, तर 2023 मध्ये फक्त 40. त्यांत पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर आणि शिरूर हे पुणे जिल्ह्यातील पाच तालुके होते.

बाकीच्या तालुक्यांतून ओरड झाली, आणि ती रास्त होती. एकट्या आंबेगावचे उदाहरण घेतले, तर पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेकडची कोरडवाहू गावे आभाळाकडे डोळे लावून बसतात. अशा तालुक्याची सरासरी कोणाचेच खरे चित्र दाखवत नाही. मग राज्याने तालुक्याऐवजी महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातील काही गावांचा गट, हा घटक धरला आणि पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांपेक्षा व एकूण 750 मिलिमीटरपेक्षाही कमी झालेल्या 1,021 मंडळांसाठी तोच जुना शब्द पुन्हा बाहेर काढला. या मंडळांना जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी मिळाली. पिकासाठीची हेक्टरी रोख मदत मात्र ‘दुष्काळ’ जाहीर झालेल्या तालुक्यांपुरतीच राहिली. एका बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे बाजरी सारखीच करपली असली, तरी तालुक्याची हद्द मधून गेली की एकाच्या खात्यात पैसे आणि दुसऱ्याच्या हातात वीजबिलातील सूट, असा प्रकार झाला.

2025 च्या अतिवृष्टीत या शब्दाचा प्रश्नच आला नाही, कारण तेथे 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस ही कसोटी आणि त्यानंतरचा पंचनामा यांवर मदत ठरते. त्या वर्षी मदतीची क्षेत्रमर्यादा दोनवरून तीन हेक्टर करण्यात आली आणि रब्बीसाठी हेक्टरी 10,000 रुपये जादा जाहीर झाले. कोरड्या वर्षासाठी मात्र ‘दुष्काळ’ आणि ‘दुष्काळसदृश’ ही विभागणी अद्याप मोडीत काढलेली नाही.