ओपन ऑफिसमध्ये इंजिनिअरचं लक्ष का मोडतं: पार्श्वभूमी

सोलापूरला गोंगाट नवा नाही. इथली ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी 1877 सालची. अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग शेडमध्ये आजही शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं. त्या खडखडाटात कामगाराला तुटलेला धागा बरोबर दिसतो. त्याहून कितीतरी शांत ओपन ऑफिसमध्ये, म्हणजे भिंतींविना सगळे एकत्र बसतात अशा हॉलमध्ये, मात्र शेजारच्या टेबलावरचा एक फोन प्रोग्रॅमरच्या डोक्यातली सगळी जुळणी विस्कटतो. मागाचा एकसुरी आवाज कानाला इजा करतो, हे खरंच. पण लक्ष मोडतं ते स्पष्ट ऐकू येणाऱ्या बोलण्यानं. ते न ऐकण्याची सोय मेंदूला नाही.

ऑफिसातल्या भिंती काढल्या गेल्या त्या मुळात कारकुनी कामासाठी. 1906 साली अमेरिकेतल्या बफेलोत वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी लार्किन कंपनीची इमारत उभारली. मेल-ऑर्डरचा, म्हणजे टपालाने येणाऱ्या मागण्यांचा, पत्रव्यवहार तिथे एकाच मोठ्या हॉलमध्ये चाले. 1950 च्या दशकाअखेर जर्मनीत एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या भावांनी कागद कसा फिरतो ते पाहून टेबलं मांडली. त्यांच्या मांडणीत गालिचे, आवाज शोषणारं छत, पडदे आणि कुंड्याही होत्या. नंतरच्या नकलांमध्ये टेबलांची दाटी तेवढी उरली, कारण पैसे तिथे वाचत होते.

उलटं उदाहरणही जुनंच आहे. आयबीएमने कॅलिफोर्नियात सांता तेरेसा प्रयोगशाळा बांधताना आधी प्रोग्रॅमरांचं काम अभ्यासलं आणि माणशी 100 चौरस फूट जागा, 30 चौरस फूट टेबल आणि आवाजापासून आडोसा दिला. ही गोष्ट 1970 च्या दशकातली. भिंती नसल्या की सहकार्य वाढतं, हा ओपन ऑफिसच्या बाजूचा दावाही टिकला नाही: 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्नस्टीन आणि टर्बन यांच्या अभ्यासात भिंती काढल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्के घटलं आणि ईमेल वाढले.

सोलापुरात असं ऑफिस बहुधा व्यापारी इमारतीच्या एका मजल्यावर असतं: खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर उघडा स्लॅब, समोर काच. तिन्ही आवाज परतवतात. म्हणून सुरुवात छतापासून करावी. 50 मिमी जाडीच्या, 48 किलो प्रति घनमीटर घनतेच्या रॉकवूलच्या (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंच्या) पाट्या कापडात गुंडाळून स्लॅबखाली 100 ते 200 मिमी सोडून टांगाव्यात. आधी पार्टिशनवर खर्च केला तर आवाज छतावर आपटून पलीकडे उतरतो आणि पैसे वाया जातात. पार्टिशन नंतर, किमान 1.4 मीटर उंच. बसलेल्या माणसाचा कान साधारण 1.2 मीटरवर असतो. भिंतीवर सोलापुरी चादर टांगायची तर मागे 10 सेंमी पोकळी आणि भरपूर चुण्या हव्यात. सपाट चिकटवलेली चादर फक्त वरच्या पट्टीचे आवाज थोडे शोषते.

पंखा आणि एसीची घरघर उन्हाळाभर बोलणं झाकून टाकते. थंडीत ती थांबली की तेच ऑफिस अचानक त्रासदायक वाटू लागतं. तेव्हा स्पीकरवरून 40 ते 45 डेसिबलचा एकसारखा मंद आवाज सोडता येतो; त्याहून वाढवला तर लोकच मोठ्यानं बोलू लागतात.

आयएसओ 3382-3 या आंतरराष्ट्रीय मानकात बोलणं किती अंतरापर्यंत लक्ष मोडतं ते मोजायची पद्धत आहे. चांगल्या ऑफिसात हे अंतर 5 मीटरच्या आत राहतं. नुसत्या टाइल-काचेच्या हॉलमध्ये ते याच्या कितीतरी पुढे जातं, म्हणून ग्राहकांचे फोन घेणाऱ्या सपोर्ट टीमला दार लागणारी खोलीच द्यावी.