रामसे बंधू

रामसे बंधू : हिंदी भयपटाला स्वतःचा प्रेक्षक आणि स्वतःचा बाजार मिळवून देणारे मुंबईतील सात सिंधी भाऊ. कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन ही त्यांची नावे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे दोन दशके त्यांनी मिळून भयपट काढले आणि १९९३पासून ‘द झी हॉरर शो’ या मालिकेतून तोच ऐवज दूरचित्रवाणीवर नेला. भावंडांनी जोडीने चित्रपट केल्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत, पण तिथे बहुधा दोघे असतात आणि दोघेही दिग्दर्शकच असतात. रामसेंच्या घरात मात्र लेखन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन आणि हिशेब अशी सगळीच खाती वाटलेली होती. बाहेरच्या माणसाची गरज पडे ती मुख्यतः नट, संगीतकार आणि भुताचा मुखवटा करणारा कारागीर यांच्यापुरती.

घराण्याचे मूळ आडनाव रामसिंघानी. वडील फतेचंद यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांना ते आडनाव नीट उच्चारता येईना, त्यातून ‘रामसे’ झाले, असे कुटुंबात सांगितले जाते. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रस्त्यावर (आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) पुन्हा विजेच्या उपकरणांचे दुकान थाटले. हा रस्ता एका अंगाने रेडिओ-सुट्या भागांचा आणि दुसऱ्या अंगाने चित्रपटगृहांचा आणि वितरकांच्या कचेऱ्यांचा. अशा जागी दुकान असलेल्या माणसाला सिनेमाचा नाद लागला नसता तरच नवल. फतेचंद यांनी ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’ (१९५४) या चित्रपटाच्या निर्मितीत भाग घेतला. पुढे पृथ्वीराज कपूर आणि सुरैया यांना घेऊन ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) काढला. सुरैयाचा हा शेवटचा चित्रपट. सज्जाद हुसेन यांचे संगीत आजही जाणकारांच्या तोंडी असते.

‘रुस्तम सोहराब’चे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर, ‘रणांगण’चे लेखक. फतेचंद यांचा पुढचा चित्रपट ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हाही बेडेकरांनीच दिग्दर्शित केला. मराठी कादंबरीला नवे वळण देणारा लेखक रामसेंच्या भुतावळीच्या उंबरठ्यावर उभा दिसतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. हा चित्रपट पडला. पण त्यात एक प्रसंग होता : पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा आणि अंगभर चिलखतासारखा वेष चढवून चोरी करायला शिरतात, गोळ्यांनीही त्यांना काही होत नाही आणि समोर आलेल्या मुमताजची भीतीने गाळण उडते. तुलसी आणि श्याम चित्रपटगृहात जाऊन बसत, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की एरवी कंटाळलेले प्रेक्षक एवढ्या प्रसंगापुरते सावरून बसतात, किंचाळतात. मग अख्खा चित्रपटच असा का काढू नये, असे त्यांनी वडिलांना विचारले. रामसेंच्या पुढच्या सगळ्या धंद्याचे मूळ या प्रश्नात आहे.

कर्ज डोक्यावर असल्याने मोठे नट आणि सेट परवडणारे नव्हते. फतेचंद यांनी उपाय काढला तो दुकानदाराचा : मजुरी घरातच ठेवायची. मुलांना घेऊन ते काश्मीरला गेले आणि तिथे हाउसबोटीवर मुलांनी जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायालेखकाचे कॅमेऱ्यावरील पाठ्यपुस्तक समोर ठेवून धडे गिरवले. थोरला कुमार पटकथा लिहू लागला. गंगूने कॅमेरा घेतला, किरणने ध्वनी, अर्जुनने संकलन आणि चित्रीकरणानंतरची कामे. केशू कॅमेरा आणि निर्मिती दोन्हींत वावरत असे. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांच्याकडे आले. श्याम तेव्हा जेमतेम विशीचा होता.

पहिला भयपट ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२). लोभी बायको आणि तिचे साथीदार मिळून एका धनिकाला मारतात, पुरतात आणि तो परत येतो, अशी कथा. चित्रीकरण महाबळेश्वरला झाले. सेट नाही, सरकारी विश्रामगृहाच्या खोल्या हाच वाडा आणि हेच मुक्कामाचे ठिकाण. युनिट बसने गेले, नटांनी कपडे आपापल्या घरून आणले आणि स्वयंपाक रामसेंच्या घरच्या बायकांनी केला. सुमारे ४० दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात चित्रपट तयार झाला आणि चालला. रामसे बंधूंवर लिहिणारे लोक भावांच्या कसबाबद्दल बोलतात, पण चाळीस दिवस अख्ख्या युनिटला जेवू घालणाऱ्या त्या बायकांची नावे श्रेयनामावलीत सापडत नाहीत.

पुढची काही वर्षे चाचपडण्यात गेली. ‘अंधेरा’ (१९७५) नंतर आलेल्या ‘दरवाजा’ने (१९७८) साचा पक्का केला : जमीनदाराने केलेला अन्याय, त्याचा शाप आणि पिढ्यांनंतर तो भोगणारा वंशज. ‘और कौन?’ (१९७९) मध्ये नायक म्हणून सचिन पिळगावकर होते. रामसेंनी अधूनमधून मोठ्या नावांचा मोहही धरला. ‘घुंगरू की आवाज’ (१९८१) मध्ये रेखा आणि विजय आनंद, ‘टेलिफोन’ (१९८५) मध्ये शत्रुघ्न सिन्हा आणि परवीन बाबी. पण रामसे म्हटले की लोकांना हे चित्रपट आठवत नाहीत. आठवतो तो ‘पुराना मंदिर’.

‘पुराना मंदिर’ (१९८४) हा त्यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट. राजा हरिमानसिंग सामरी नावाच्या नराधमाचा शिरच्छेद करवतो. मुंडके एका पेटीत आणि धड दुसरीकडे, अशी सोय केली जाते. मरताना सामरी शाप देतो की या घराण्यातील स्त्रिया बाळंतपणात मरतील. दोनशे वर्षांनी त्या घराण्यातली मुलगी प्रियकराला घेऊन वाड्यावर जाते. मोहनीश बहल, आरती गुप्ता आणि पुनीत इस्सार हे तरुण चेहरे. त्यांच्यासोबत प्रदीपकुमार, ललिता पवार आणि ‘अर्धसत्य’मुळे नुकतेच नावारूपाला आलेले सदाशिव अमरापूरकर. शिवाय ‘शोले’ची नक्कल करणारे जगदीप यांचे विनोदी उपकथानक, ज्याचा मूळ कथेशी संबंध असलाच तर फार लांबचा. सामरी झाला होता अजय (अनिरुद्ध) अगरवाल हा रुरकीत शिकलेला स्थापत्य अभियंता. सहा फुटांहून बरीच अधिक उंची आणि खडबडीत चेहरा यांमुळे त्याला मुखवट्याची गरज कमी पडे. रामसेंना त्यांचे भूत मिळाले होते. पुढच्याच वर्षी त्याच नावाचा ‘सामरी’ हा त्रिमितीय चित्रपट आला आणि ‘बंद दरवाजा’ (१९९०) मध्ये हाच नट काळ्या पहाडातला रक्तपिपासू नेवला झाला.

रामसेंचे भूत खास देशी आहे. पाश्चात्त्य भयपटांतून त्यांनी धुके, शवपेटी आणि करकरणारे दार सर्रास उचलले. ‘बंद दरवाजा’चा नेवला उघडच ड्रॅक्युलाच्या कुळातला आहे. पण गोष्टीची गाठ मात्र घराण्यातच पडते. मूळपुरुषाने पाप केलेले असते, वाडा ते लपवून ठेवतो आणि नातवंडा-पतवंडांना ते फेडावे लागते. ‘बंद दरवाजा’त मूल होत नाही म्हणून ठाकुराची बायको नेवल्याकडे जाते आणि मुलगी झाली तर तुला देईन असा शब्द देऊन बसते, एखाद्या नवसाच्या कहाणीची ही उलटी बाजू आहे. भुताचा शेवटही त्रिशूळाने, देवळात किंवा देवाच्या साक्षीने होतो. कोकणातल्या कुठल्याही गावात वाड्याच्या मुंज्याची किंवा विहिरीवरच्या हडळीची गोष्ट ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला या कथा परक्या वाटण्याचे कारण नव्हते. एकत्र कुटुंबाने काढलेल्या चित्रपटांत एकत्र कुटुंबाच्याच पापाची गोष्ट पुन्हापुन्हा यावी, हा योगायोग नसावा असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

‘वीराना’ (१९८८) मध्ये हडळ आधी मोहक तरुणी होऊन येते. जास्मिन हिची ही एकच भूमिका लोकांच्या लक्षात राहिली आणि त्यानंतर ती पडद्यावरून दिसेनाशी झाली. महाबळेश्वरहून रात्री एकटे परतताना श्याम यांनी एका बाईला गाडीत घेतले आणि तिची पावले उलटी होती, हा किस्सा ‘वीराना’च्या संदर्भात सांगितला जातो. भयपट काढणाऱ्याच्या पदरी असा एक किस्सा असणे धंद्याला बरेच असते. हिंसा आणि शृंगार या दोन्ही बाबतींत सेन्सॉर मंडळाशी त्यांची रस्सीखेच नेहमीचीच होती. चित्रपट ‘फक्त प्रौढांसाठी’ ठरले, तरी जाहिरातीच्या फलकावरचे ते ‘ए’ अक्षर तोट्याचे होते असे म्हणवत नाही.

वाडे मुंबईपासून फार लांबचे नसत. मुरुडला समुद्रावरच्या टेकाडावर असलेला जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा त्यांच्या एकाहून अधिक चित्रपटांत भुताचा वाडा झाला आहे. तयार वास्तू, तयार झाडी, एका रात्रीचा प्रवास; खर्चाचे गणित आणि भीतीचे वातावरण एकाच ठिकाणी जुळत असे. ‘तहखाना’ (१९८६), ‘डाक बंगला’ (१९८७), ‘पुरानी हवेली’ (१९८९) ही नुसती नावे वाचली तरी कळते की या भावांची कथा माणसापेक्षा जागेपासून सुरू होते. निळे-लाल प्रकाशझोत, खालून वर पाहणारा कॅमेरा, वीज कडाडण्याचा आवाज आणि भुताचा चेहरा शक्य तितका उशिरा दाखवण्याची युक्ती हे गंगू आणि किरण यांचे हुकमी भांडवल होते. हे चित्रपट महानगरांतल्या मोठ्या चित्रपटगृहांपेक्षा लहान शहरांत आणि रात्रीच्या खेळांना अधिक चालत. वितरकाला नटाचे नाव लागत नसे. ‘रामसे’ हेच नाव पुरे होते. समीक्षकांनी त्यांच्याकडे काणाडोळा केला किंवा थट्टा केली. थट्टेला जागाही होती : संवाद बटबटीत, विनोद बळेच घातलेला, स्त्रियांकडे पाहण्याची नजर सवंग. पण पाव शतकाच्या आसपास एक अख्खा चित्रपट-प्रकार एकाच घराने पोसला, हे हिंदी सिनेमात दुसऱ्या कुणाला साधलेले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गणित बिघडले. व्हिडिओ कॅसेटने रात्रीच्या खेळांचा प्रेक्षक घरी बसवला आणि रामसेंची नक्कल करणारे आणखी स्वस्त चित्रपट बाजारात आले. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या अमेरिकन चित्रपटावर बेतलेला ‘महाकाल’ रखडत-रखडत १९९४ साली लागला. तोवर तुलसी आणि श्याम यांनी दुसरे दार शोधले होते.

झी वाहिनी १९९२च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि तिला सरकारी दूरदर्शनवर न दिसणारे काहीतरी हवे होते. ९ ऑगस्ट १९९३ रोजी ‘द झी हॉरर शो’चा पहिला भाग दाखवला गेला. ‘दस्तक’ ही ती कथा, आणि त्यात पंकज धीर आणि ‘महाकाल’ची नायिका अर्चना पूरणसिंग. एक कथा चार-पाच आठवडे चाले आणि प्रत्येक भाग अशा जागी तुटे की पुढच्या आठवड्याची वाट पाहावी लागे. थोडक्या दिवसांत, ठरावीक जागेत, घरच्याच हातांनी चित्रीकरण उरकायची सवय रामसेंना वीस वर्षांची होती. मालिकेच्या धंद्याला नेमकी हीच सवय लागते. सेन्सॉरचा जाच नव्हता, पण बैठकीच्या खोलीत आजी-आजोबांसमोर दिसायचे म्हणून शृंगार गेला आणि भूत तेवढे उरले. परिणाम असा, की ज्या मुलांना ‘वीराना’च्या दारावर कुणी उभे केले नसते, त्यांनी रामसे घरी बसून, बहुधा पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून पाहिले. नव्वदच्या दशकात वाढलेल्यांच्या आठवणीत रामसे आहेत ते मुख्यतः या मालिकेमुळे. नंतर ती ‘अनहोनी’ नावाने चालू राहिली. १९९५ साली सोनी वाहिनीवर बी. पी. सिंग यांची ‘आहट’ आली. मुंबई दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ ही गाजलेली मराठी मालिका याच दिग्दर्शकाची. ‘आहट’मधली भीती शहरी, सदनिकेतली होती, तिच्यापुढे रामसेंचा वाडा जुना दिसू लागला.

तोवर सातांची मोटही सुटली होती. केशू यांनी ‘डाक बंगला’ आणि ऋषी कपूर-नसीरुद्दीन शाह यांचा ‘खोज’ (१९८९) स्वतः दिग्दर्शित केला आणि मग भुतांना रामराम ठोकून ते मोठ्या नटांच्या चित्रपटांचे निर्माते झाले. अक्षयकुमारचा ‘खिलाडियों का खिलाडी’ (१९९६) आणि राजकुमार संतोषी यांचा ‘खाकी’ (२००४) हे त्यांचेच. व्यवसायाच्या दृष्टीने सात भावांत सर्वांत लांब मजल त्यांनी मारली, आणि ती घराचा धंदा सोडून. श्याम मात्र शेवटपर्यंत भयपटालाच चिकटून राहिले. ‘धुंद’ (२००३) आणि ‘घुटन’ (२००७) हे त्यांचे नंतरचे चित्रपट. मुलगी साशा ही दूरचित्रवाणीच्या कामात त्यांच्यासोबत होती. तुलसी यांचा मुलगा दीपक यानेही दिग्दर्शन केले.

केशू २०१०मध्ये, तुलसी १३ डिसेंबर २०१८ रोजी, श्याम १८ सप्टेंबर २०१९ रोजी, कुमार जुलै २०२१मध्ये आणि गंगू ७ एप्रिल २०२४ रोजी निवर्तले. हयातीत त्यांना न लाभलेली प्रतिष्ठा उशिरा आणि आडवाटेने आली. परदेशातील एका भयपटवेड्या कंपनीने त्यांचे चित्रपट डीव्हीडीवर काढले. शाम्य दासगुप्ता यांनी २०१७ साली त्यांच्यावर इंग्रजीत सविस्तर पुस्तक लिहिले आणि विद्यापीठांतल्या चित्रपट-अभ्यासकांनीही सामरीची दखल घेतली. ‘पुराना मंदिर’ आणि ‘वीराना’ आता यूट्यूबवर दिवसाढवळ्या पाहिले जातात. खालच्या शेऱ्यांत लोक चित्रपटाबद्दल कमी आणि तो पहिल्यांदा कुठे, कुणासोबत, किती घाबरून पाहिला याबद्दलच अधिक लिहितात.