वाघोबाला राग आलाय का? भावना ओळखणं वेगळं, पात्राच्या बाजूनं बघणं वेगळं

गोष्ट सांगताना ‘पात्राची भावना ओळखणं’ आणि ‘पात्राच्या बाजूनं बघणं’ ही एकच गोष्ट समजून मुलांना प्रश्न विचारले जातात. हा घोळ आता थांबायला हवा.

भावना ओळखणं बहुतेकांना ठाऊक आहे. चित्रातला ससा रडतोय, म्हणजे त्याला वाईट वाटतंय. हे तीन वर्षांचं मूलही सांगतं. त्यासाठी भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे तक्ते लावायची काही गरज नाही.

गाडी अडते ती दुसरीकडे. लेकीकडून गुटगुटीत होऊन म्हातारी भोपळ्यात बसून परत निघाली आहे. वाघोबा विचारतो, म्हातारीला पाहिलंस का? भोपळा टुणूक टुणूक पुढे जातो. आता मुलाला विचारा, वाघोबाला राग आलाय का? बरीच मुलं ठासून सांगतात, ‘हो! आजी त्याला फसवतेय ना!’

फसवल्यावर राग येतो हे मुलाला कळलंय. पण आजी आत आहे हे त्या मुलाला माहीत आहे, वाघोबाला नाही. त्याच्या लेखी समोरून एक भोपळा गेला, बस. म्हातारी येईल म्हणून तो अजून वाट बघतोय, जिभल्या चाटत.

१९८३ मध्ये विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना मॅक्सीची गोष्ट सांगितली. तो चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आल्यावर तो कुठे शोधेल? अशा दोन गोष्टी सांगितल्या, तेव्हा दोन्हींत बरोबर जागा, म्हणजे पहिलंच कपाट, दाखवणं तीन-चार वर्षांच्या एकाही मुलाला जमलं नाही; चार ते सहा वयात ५७ टक्के मुलांना जमलं. पात्राच्या समजुतीशी त्याची भावना जुळवणं तर त्याहून उशिरा जमतं. ‘लाल टोपीवालीला आत आजीच आहे असं वाटतंय’ हे नीट सांगणारी मुलंही लगेच ‘ती घाबरलीय’ म्हणतात, कारण लांडगा त्यांना स्वतःला ठाऊक असतो.

म्हणून ‘तू असतास तर तुला काय वाटलं असतं?’ हा सगळ्यांचा लाडका प्रश्न मला अजिबात पसंत नाही. मूल आपल्या सगळ्या माहितीसकट वाघोबाच्या जागी जाऊन उभं राहतं आणि स्वतःचंच उत्तर देतं. आधी विचारा, वाघोबाला काय दिसतंय? मग, आजी कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलंय का? भावनेचा प्रश्न त्यानंतर. उत्तर चुकलं तर समजावत बसू नका. मुलालाच वाघोबा करून दाराबाहेर उभं करा, बाहुली पातेल्याखाली लपवा आणि आत बोलवा. मग पुन्हा विचारा.

चिऊ-काऊच्या गोष्टीतही ‘चिऊ किती वाईट’ असं तात्पर्य काढायची घाई नको. दार बंद असताना चिऊला बाहेर कुडकुडणारा काऊ दिसतोय का, एवढं विचारा आणि मुलाला वेळ द्या.