आपत्तीनंतर मुलांना आणि घराला धीर देणं

पूर, भूकंप, दरड, अपघात किंवा घरातला अचानक मृत्यू असं काही घडल्यावर मूल आणि त्याच्या घरची माणसं परत रोजच्या जगण्यावर येईपर्यंत त्यांच्यासोबत राहून जे काही केलं जातं, त्या सगळ्याला मिळून धीर देणं म्हणतात. पुस्तकात यातल्या वेगवेगळ्या भागांना मानसिक प्रथमोपचार, समुपदेशन, आघातोपचार अशी नावं आहेत, पण आपल्याकडचा जुना शब्दच जास्त बरोबर वाटतो, कारण यातलं निम्म्याहून जास्त काम डॉक्टरच्या केबिनमध्ये होतच नाही, ते शाळेच्या वर्गात अंथरलेल्या सतरंजीवर, चहाच्या पातेल्याजवळ आणि नंतर दोन-तीन महिने घरातली भिंत खरवडताना होतं. आणि हे काम करणारे बहुतेक जण आत्या, मामा, शेजारीण, अंगणवाडीताई, वर्गशिक्षक असे साधे लोक असतात.

सांगली-साताऱ्याचा संदर्भ

या दोन जिल्ह्यांना हा विषय शिकवायला बाहेरच्या कुणाची गरज नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि पाटणच्या बाजूला अजून अधनंमधनं हलतं, तिथली पोरं भांडी वाजली की न सांगता उठून दाराबाहेर येतात. २५ जानेवारी २००५ ला वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. त्याच वर्षी कृष्णेला महापूर आला, मग २०१९ ला, मग २०२१ ला, आणि २०२१ च्या त्याच जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या.

सांगलीत पुराचं माप म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन पूल. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे इथं दुसरीतल्या पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं, ऐन नागपंचमीच्या आठवड्यात, आणि ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, त्यात बायका आणि लहान मुलंही गेली. त्यानंतर कितीतरी घरात "बोट" हा शब्दच मुलांसमोर काढायचा नाही असं ठरून गेलं होतं. ते चुकीचं होतं असं आता म्हणता येतं, पण त्या आठवड्यात कुणाला सुचणार.

मूल कसं वागतं

मोठं माणूस रडतं किंवा बोलून मोकळं होतं, मुलाचं तसं नसतं, ते वागण्यातनं दिसतं. चार वर्षांचं पोरगं परत अंथरूण ओलं करायला लागतं, अंगठा तोंडात जातो, आई बाथरूमला गेली तरी दाराशी बसून राहतं. आठ-दहा वर्षाचं मूल पोट दुखतंय म्हणतं, आणि खरंच दुखत असतं, ढोंग नसतं ते. त्याच वयाची मुलं स्वतःला दोषही लावून घेतात, मी आदल्या दिवशी पाऊस थांबू नये म्हणजे शाळेला सुट्टी मिळेल असं म्हटलेलं म्हणून पूर आला, असला हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो आणि विचारल्याशिवाय तो बाहेर येत नाही. चौदा-पंधराचं पोर गप्प होतं, चिडतं, मोबाईलमध्ये डोकं घालून बसतं नाहीतर एकदम घरातलं मोठं माणूस असल्यासारखं वागायला लागतं, आणि आपण वर त्याचं कौतुक करतो.

यातलं बहुतेक सगळं पहिल्या काही आठवड्यात आपोआप ओसरतं, हे आईबापांना ठामपणे सांगणं हाच अर्धा उपचार आहे. पोराची नजर काढली, मीठ-मोहरी ओवाळली तर त्यालाही नावं ठेवायचं कारण नाही, आजीच्या हाताचा स्पर्श आणि रोज तीच वेळ यानं मूल शांत होतं, फक्त अंगाऱ्यावर भागवून महिनोन्‌महिने पुढं काहीच न करणं हे वाईट.

मुलाच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीही नीट बघाव्या लागतात. पुरात शेळी गेली, पाळलेली मांजर गेली, तर मोठ्यांच्या यादीत ते पंचनाम्यात लिहायचं नुकसान असतं किंवा तेही नसतं, मुलाच्या यादीत मात्र पहिला नंबर त्याचाच असतो.

खेळ

२०१९ ला शाळेत उघडलेल्या एका निवारा केंद्रात मी चार दिवस जात होतो. तिथल्या व्हरांड्यात सहा-सात पोरांनी बाक उलटा करून त्याची बोट केली होती. एक पोरगा एनडीआरएफवाला म्हणजे बचाव पथकातला जवान, दोघं वल्हं मारणारे म्हणजे हातात झाडू, आणि एक सात-आठ वर्षांची पोरगी आजी झालेली, ती काय केल्या बोटीत बसेना, "माझी म्हस सोडून मी न्हाय येणार जावा तुमी" म्हणून कंबरेवर हात ठेवून उभी. मग एनडीआरएफवाल्यानं म्हशीलाही बोटीत घेतलं, म्हैस म्हणजे एकाचा लहान भाऊ, आणि सगळे जोरात हसले. एक बाई येऊन ओरडल्या, असले अभद्र खेळ खेळू नका. पोरं पांगली, आणि दहा मिनिटांनी जिन्याखाली परत तेच सुरू.

ते अभद्र वगैरे काही नव्हतं, मुलं जे झालं ते आपल्या हातात घेऊन परत घडवत होती आणि यावेळी म्हैस वाचवत होती. खेळातनं मूल असं बाहेर पडत असेल तर आपण मध्ये पडायचं नाही. पण एकच खेळ त्याच त्या पद्धतीनं, हसू नाही, शेवट कधी बदलत नाही, असं चाललं असेल तर ती वेगळी गोष्ट. १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावात २६ मुलं असलेली शाळेची बस पळवून मुलांना जमिनीत पुरलेल्या ट्रेलरमध्ये कोंडलं होतं, सगळी वाचली, पण मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी त्यांना पुढच्या काही वर्षांत भेटून पाहिलं तेव्हा हा असा आनंद नसलेला, अडकलेला खेळ त्यांना ठळकपणे दिसला होता. त्याआधी पोरं लवकर विसरतात असंच मोठे धरून चालायचे, अजूनही चालतात म्हणा.

मृत्यू झाला असेल तर काय सांगायचं

इथं आपण सगळ्यात जास्त चुकतो. "बाबा गावाला गेलेत" हे मराठी घरातलं सगळ्यात जुनं खोटं आहे. मूल दर संध्याकाळी एसटीच्या वेळेला वाट बघतं, मग कधीतरी शेजारच्या पोराकडनं खरं कळतं, आणि तेव्हा बाबा तर जातातच पण आईवरचा विश्वासही जातो. "आजी झोपलीय" म्हटलं की मूल रात्री झोपायला घाबरतं. "देवाला आवडली म्हणून नेली" याचा अर्थ पाच वर्षाच्या डोक्यात असा होतो की आता देवाला मी आवडलो तर? म्हणून शब्द साधे आणि खरे हवेत, बाबा वारले, म्हणजे त्यांचं शरीर चालायचं बंद झालं, ते परत येणार नाहीत, त्यांना आता दुखत नाही, तुझी काही चूक नव्हती, आणि तुला जेवायला कोण घालणार शाळेत कोण सोडणार हेही लगेच सांगायचं, कारण मुलाचा न विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो. पाच-सहा वर्षापर्यंत मुलांना मरण कायमचं असतं हे उमगत नाही, त्यामुळं तोच प्रश्न वीस वेळा येईल, वीस वेळा तेच उत्तर द्यायचं.

दहाव्याला न्यायचं का, मातीला न्यायचं का, यावर घरात भांडणं होतात. सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही. तिथं काय होणार ते आधी सांगावं, जायचं का विचारावं, आणि नेलं तर मुलासाठी एक माणूस फक्त त्याच्याजवळ ठेवावा जो मध्येच त्याला घेऊन बाहेर येऊ शकेल. पिंडाला कावळा शिवेना म्हणून मोठे एकमेकांत कुजबुजायला लागले की मुलाला वाटतं बाबा माझ्यावर रागावलेत, त्याच क्षणी कुणीतरी कानात काहीतरी बोललं पाहिजे.

आणि एक वाक्य कृपा करून बंद व्हावं, अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून "आता तूच घरातला कर्ता". म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पोरगं ते ओझं दहावी सोडून वाहतं.

घरातली मोठी माणसं

मूल प्रसंगाकडं थेट बघत नाही, आईच्या तोंडाकडं बघून प्रसंग केवढा ते ठरवतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी मुलांसाठी पाळणाघरं चालवली, तिथं त्यांना दिसलं की बॉम्ब पडत असताना आईजवळ असलेल्या मुलांपेक्षा सुरक्षित ठिकाणी पण आईपासून तोडलेली मुलं जास्त कोलमडतात. म्हणजे पाणी वाढायला लागल्यावर पोरांना मामाकडं धाडून देणं दरवेळी बरंच असतं असं नाही, धाडावंच लागलं तर ओळखीचं एक माणूस सोबत आणि रोज ठरलेल्या वेळी फोन.

म्हणून मुलाला मदत करायची असेल तर आधी त्याच्या आईला दोन तास झोपू द्या, बापाला पंचनाम्याच्या रांगेत कुणीतरी सोबत द्या. बाप रडला तरी चालतं, पोरासमोर रडला तरी चालतं, फक्त "बाबांना दुकानाचं वाईट वाटतंय, आपण बघतोय काय करायचं" एवढं सांगावं. गप्प बसून दारू सुरू झाली की मात्र घर दुसऱ्यांदा बुडतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली तिचा गाभा तीन शब्दांत आहे, बघा, ऐका, जोडून द्या. यात सल्ला कुठंच नाही हे लक्षात घ्या. शाळा लवकर सुरू होणं हा यातला सगळ्यात स्वस्त आणि भारी उपाय, वह्या भिजल्या असल्या तरी, गणवेश नसला तरी. घंटा वाजते, हजेरी होते, कोण आलं कोण नाही कळतं, खिचडी मिळते. निवारा केंद्रं शाळांतच असतात म्हणून नेमकी तीच शाळा उशिरा सुरू होते ही आपल्याकडची अडचण आहे.

काय करू नये

सगळ्यांना गोल बसवून "त्या रात्री काय काय झालं सांगा" असं उकरून काढू नये. घटना झाल्या झाल्या एका बैठकीत सगळं बोलून घ्यायची पद्धत १९८० च्या दशकात जोरात होती, पुढच्या तपासण्यांत तिचा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच झाला, म्हणून आता ती करू नका असंच सांगतात. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं. झोप येत नाही म्हणून मुलांना झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. मदतीचा डबा हातात देऊन फोटो काढू नयेत, ते पोर पुढच्या वर्षी त्याच शाळेत जाणार असतं आणि तो फोटो गावाच्या ग्रुपवर फिरत असतो.

आईबाप दोन्ही गेले असतील तर मूल परस्पर कुणाला देऊन टाकणं बेकायदा आहे. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत "दोन लहान मुली आहेत, कुणाला दत्तक हव्यात का" असले मेसेज फिरत होते, पाठवणारे भले लोकच, पण रस्ता तो नाही. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे असं मूल २४ तासांत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं, आणि १०९८ या चाइल्डलाइन नंबरवर फोन केला तरी तिथनं पुढं सरकतं. नातेवाइकांकडं राहणाऱ्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये मिळतात, कागदं गोळा करायला घरच्यांना मदत लागते आणि ती करणं हेही धीर देण्यातच येतं.

डॉक्टर कधी

महिना उलटून गेला तरी भयानक स्वप्नं, पावसाचा आवाज आला की थरथरणं, खेळणं-बोलणं बंद, शाळेला जायलाच नको असं चालू असेल, किंवा मरणाची भाषा तोंडी आली तर त्याच दिवशी, तज्ज्ञाला दाखवावं. सिव्हिलला मानसोपचार विभागात चौकशी करता येते, आणि १०  ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी फोनसेवा आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलांवर जो बोलण्याचा उपचार करतात त्याच्या साधारण १२ ते १६ बैठका होतात आणि त्यात आईबापांनाही बसावं लागतं, वेड लागलंय म्हणून नेतात हा समज आधी आजोबांच्या डोक्यातनं काढावा लागतो.

पुढचा पावसाळा

पूर उतरला म्हणजे संपलं असं नसतं. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की भीती परत येते, चिखलाच्या आणि फिनेलच्या वासानंही येते. आमच्या गल्लीत एक पोरगं २०२१ नंतर रोज रात्री झोपताना दप्तर कपाटावर ठेवायचं, उन्हाळ्यातसुद्धा, आणि जुलै लागला की शाळेतनं आल्या आल्या पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" घरचे आधी "काय नाय, गप बस" म्हणायचे, त्यानं तो जास्तच बेचैन व्हायचा. मग त्याच्या आईनं युक्ती केली, पाण्याची पातळी बघून वहीत लिहायचं काम त्यालाच दिलं, दिवसातनं दोनदाच, सकाळी आणि संध्याकाळी, आणि ४० फूट झालं की आपण काय काय उचलायचं, कुणाकडं जायचं ते त्याच्याकडनंच त्याच वहीत लिहून घेतलं. यादीत रेशनकार्ड, आजीच्या बीपीच्या गोळ्या, टॉर्च, आणि सगळ्यात वर मांजर. दप्तर पुढच्या वर्षी खाली आलं, वही अजून चालू आहे.