नदीकाठ लोकांसाठी खुला करायचा, तर आधी पुराची जागा मोजा

नदीकाठ विकासाच्या बहुतेक आराखड्यांत पहिलं चित्र असतं ते कोरड्या हंगामातलं. संथ पाणी, दगडी पायऱ्या, बाक, दिव्यांची रांग. वर्षातले बरेच दिवस काठ तसा दिसूही शकतो. पण त्या बांधकामाचं आयुष्य ठरतं ते उरलेल्या मोजक्या दिवसांत, जेव्हा नदी पात्र सोडून वर येते. म्हणून रहिवाशांनी एकत्र बसून नियोजन करायचं असेल, तर पहिला प्रश्न बाकांच्या रंगाचा नसावा. काठावरची कोणती जागा किती वेळा पाण्याखाली गेली तर आपल्याला चालेल, हा असावा. याचं उत्तर नुसत्या अभियंत्यांना देता येत नाही आणि नुसत्या नागरिकांनाही नाही.

हिशेब फार अवघड नाही. समजा पात्र ४० मीटर रुंद आहे, पुरात पाणी ४ मीटर खोल वाहतं, तळाचा उतार हजारात एक आहे आणि तळ-काठ दगडमातीचे आहेत (खडबडीतपणाचा गुणांक ०.०३). पात्राचा आकार, उतार आणि खडबडीतपणा यांवरून वेग काढणाऱ्या मॅनिंगच्या सूत्रानं पाण्याचा वेग निघतो सेकंदाला साधारण २.३५ मीटर आणि विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहून जाणारं पाणी, सुमारे ३७५ घनमीटर, म्हणजे तेरा हजार क्युसेकच्या वर. आता रस्ता आणि बागेसाठी दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर भराव टाकला आणि पात्र ३० मीटरवर आणलं. वरून येणारं पाणी तर तेवढंच आहे. ते वाहून जायला आता जवळपास ५ मीटर खोली लागेल. म्हणजे पुराची पातळी मीटरभर चढली, आणि एवढ्या उतारावर तो फुगवटा वरच्या अंगाला किलोमीटरभर तरी जाणवणार. ज्यांच्या वस्तीत पाणी शिरेल, ते लोक बहुधा या भरावाच्या बैठकीला बोलावलेलेच नसतात.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे पात्राला काँक्रीटचं अस्तर. खडबडीतपणाचा गुणांक ०.०३ वरून ०.०१५ वर येतो, पाणी सुळकन निघून जातं आणि त्याच ३० मीटर पात्रात खोली सव्वातीन मीटरच्या आत राहते. कागदावर प्रश्न सुटला. पण वेग आता सेकंदाला ४ मीटर आहे आणि पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे काठावर आणि पुलाच्या खांबांवर तो आधीच्या जवळपास तिप्पट झाला. अस्तर जिथे संपतं तिथे तळ खरवडला जातो आणि पूर खालच्या वस्तीत लवकर व उंच पोचतो. अशा पात्रात माणूस उतरूही शकत नाही. खोली (मीटरमध्ये) आणि वेग (सेकंदाला मीटरमध्ये) यांचा गुणाकार ०.४ च्या पुढे गेला की लहान मुलं आणि ०.६ च्या पुढे गेला की मोठी माणसंही पाण्यात पाय रोवून उभी राहू शकत नाहीत. ४ मीटर वेगाला हे घोट्याच्या वरच्या पाण्यातच होतं.

‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे काय, हे पहिल्याच बैठकीत समजावून सांगितलं पाहिजे. तो शंभर वर्षांतून एकदाच येतो असं नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते. तीस वर्षं टिकायला हवं असं बांधकाम केलं, तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के निघते. २५ वर्षांच्या पुराची शक्यता दर वर्षाला ४ टक्के, म्हणजे दहा वर्षांत ३३ टक्क्यांच्या वर. हे आकडे समोर असले की स्वच्छतागृह कुठे बांधायचं, यावरचा वाद निम्मा कमी होतो.

माहिती गोळा करण्यात रहिवाशांचं काम मोलाचं असतं, कारण मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हे त्यांना आठवतं. आठवणीतली प्रत्येक खूण निदान दोन वेगवेगळ्या घरांकडून पडताळावी, भिंतीवर किंवा खांबावर रेघ मारावी आणि लेव्हल यंत्रानं तिची उंची एकाच ठरलेल्या आधारबिंदूपासून मोजावी. मोबाइलच्या जीपीएसवर उंचीसाठी भरवसा ठेवू नये. त्यात काही मीटरची चूक सहज असते, आणि इथे अर्ध्या मीटरवर घरं बुडतात किंवा वाचतात.

नाल्यांची मोजणीही नागरिकांना जमते. निदान तीन दिवस पाऊस झालेला नसताना काठानं चालत जायचं आणि नदीत सांडणाऱ्या प्रत्येक तोंडाला क्रमांक द्यायचा. छोट्या पाइपाखाली १० लिटरची बादली धरून वेळ मोजायची. पाच सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला २ लिटर, म्हणजे दिवसाला पावणेदोन लाख लिटरच्या आसपास. माणशी रोज १०० लिटर सांडपाणी धरलं तर सतराशे माणसांचं मलमूत्र त्या एका पाइपातून नदीत येतंय. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी असं तीनदा मोजावं, कारण सकाळच्या वापराच्या वेळेचा प्रवाह रात्रीच्या कितीतरी पट असतो. हातमोजे आणि गमबूट घालूनच हे करावं आणि बंद चेंबरमध्ये कोणीही डोकावू नये. तिथला वायू जीव घेतो. मोठ्या नाल्यात २० मीटर अंतर आखून एखादी तरंगती वस्तू सोडायची. ती ४० सेकंदांत पोचली तर पृष्ठभागाचा वेग अर्धा मीटर, त्याला ०.८५ नं गुणलं की सरासरी वेग मिळतो, आणि तो छेदाच्या क्षेत्रफळानं गुणला की प्रवाह.

या खटाटोपाचं कारण साधं रसायनशास्त्र आहे. २५ अंश तापमानाच्या पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू प्रति लिटर विरघळतो आणि बहुतेक माशांना ४ ते ५ मिलिग्रॅम तरी लागतो. शहरी सांडपाण्याची जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू, लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. म्हणजे वरून हवा मिसळली नाही, तर एक लिटर सांडपाणी कुजताना तीसेक लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं. मग सडक्या अंड्यांचा वास येतो आणि महागड्या फरशीवर बसायला कोणी येत नाही.

यावर काठाला समांतर मोठी वाहिनी टाकून सगळे नाले अडवायचे, हा सर्वत्र वापरला जाणारा मार्ग. तो योग्यच आहे, पण तो फसतो कुठे हे आधी माहीत हवं. वाहिनीत पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की गाळ बसतो आणि ती तुंबते. पुराचं पाणी उलटं शिरू नये म्हणून तोंडाला झडपा लावतात. त्यांत एखादी फांदी किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकली की झडप उघडी राहते. झडप नीट बंद झाली आणि त्याच वेळी शहरात मुसळधार पाऊस असला, तर शहरातल्या पाण्याला वाटच उरत नाही. तेव्हा पंप आणि साठवणीची जागा लागते, आणि पंपाला वीज गेल्यावरही चालणारी सोय लागते. आणखी एक गोष्ट बैठकीत क्वचितच निघते. कोरड्या हंगामात अनेक शहरी नद्यांत वाहणारं पाणी मुख्यतः सांडपाणीच असतं. ते सगळं अडवून दूरच्या केंद्राकडे नेलं की पात्र कोरडं पडतं. प्रक्रिया केलेलं पाणी वरच्या अंगाला परत सोडण्याची तरतूद आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवी. नाहीतर पाणी दिसावं म्हणून बंधारा घालतात आणि साचलेल्या पाण्यात शेवाळ, जलपर्णी आणि डास वाढतात. सोल शहरातल्या छंगेछन ओढ्यावरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा प्रवाह खुला झाला. तिथे लोकांची रीघ लागते, पण त्यासाठी मुख्यतः हान नदीतून रोज सुमारे १ लाख २० हजार टन पाणी उपसून सोडावं लागतं. ते वीजबिल दरवर्षी भरायची तयारी असेल तरच तो नमुना घ्यावा.

जागेचा आराखडा तीन पातळ्यांत करणं सगळ्यात सोपं पडतं. सगळ्यात खालचा पट्टा वर्षातून अनेकदा बुडणार, म्हणून तिथे दगड, गवत, वाळू-गोटे एवढंच. कचरापेटी नको, वायर नको. मधल्या पट्ट्यात दोन ते पाच वर्षांतून एकदा पाणी येईल असं धरून पायवाट आणि जमिनीत पक्के बसवलेले बाक. स्वच्छतागृह, विजेचे पॅनेल आणि मुलांच्या खेळण्यांची जागा ठरवलेल्या पूरपातळीच्या वर, आणखी अर्धा मीटर राखून. कठडे आडव्या पट्ट्यांचे केले की पुरातला पाला-कचरा त्यांत अडकतो आणि कठड्याची भिंत होते. तिच्यावर पाण्याचा दाब आला की कठडा तर जातोच, सोबत फरशीही उपटून नेतो. उभे खांब आणि काढता येणाऱ्या साखळ्या बऱ्या. रॅम्प १:१२ उताराचा हवा. चार मीटर उतरायला ४८ मीटर लांबी आणि मधे विसाव्याचे सपाट टप्पे लागतात. ही जागा आधी राखली नाही, तर नंतर ती कुठेच सापडत नाही आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूस कायमचा वरच राहतो.

काठाची भिंत पुरात पडते असं वाटतं, पण बरेचदा ती पडते पूर ओसरल्यावर. पाणी चढलेलं असताना भिंतीमागची माती भिजून फुगते, पण समोरच्या पाण्याचा दाब तिला सावरून धरतो. नदी झपाट्यानं उतरली की तो आधार काही तासांत नाहीसा होतो आणि मागचं पाणी मात्र मातीत अडकून राहतं. भिंत पुढे फुगते, मग कलंडते. म्हणून भिंतीत दीड-दीड मीटरवर ७५ ते १०० मिलिमीटरची निचऱ्याची भोकं आणि त्यांच्यामागे खडी व गाळण-कापडाचा थर हवा. खर्च वाचवायला नेमका हाच थर गाळला जातो, मागे चिकणमाती भरली जाते आणि भोकं पहिल्याच पावसात बुजतात. देखरेख समितीनं भराव घालताना तिथे उभं राहून हे पाहावं. नंतर ते दिसत नाही.

जागा असेल तिथे भिंतीऐवजी १:३ किंवा त्याहून सौम्य उताराचा हिरवा काठ केव्हाही चांगला. पायथ्याशी मोठे दगड, तेही तळ जितका खरवडला जाईल त्याच्या खालपर्यंत गाडलेले. वर काथ्याची जाळी, आणि तिच्यात वाळ्यासारखं दोन-तीन मीटर खोल मुळांचं गवत. जाळी काही वर्षांत कुजते, तोवर मुळांनी माती धरलेली असली पाहिजे. म्हणून लागवड पुराच्या हंगामाच्या तोंडावर करू नये. पाण्याच्या वाटेत दाट झाडी लावण्याचा मोहही टाळावा. तिथे खडबडीतपणाचा गुणांक ०.१ पर्यंत जातो आणि पातळी चढते. झाडं वरच्या कडेला, प्रवाहाच्या दिशेनं ओळीत.

सिंगापूरमधल्या बिशान-आंग मो कियो उद्यानात कल्लांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा फोडून तीन किलोमीटरहून लांब वळणदार नदी केली गेली. ते २०१२ मध्ये खुलं झालं. त्याआधी त्यांनी ६० मीटरच्या एका ओहोळावर काठ बांधण्याच्या दहा पद्धती लावून पाहिल्या. हा भाग मला सर्वांत अनुकरणीय वाटतो. कोणत्याही शहराला छोट्या पट्ट्यावर एक पावसाळा काढता येतो. म्युनिकमध्ये इझार नदीच्या ८ किलोमीटरवर २००० ते २०११ काम चाललं. तिथे पात्र अरुंद केलं नाही, उलट काही ठिकाणी ५० वरून ९० मीटर रुंद केलं. लोकांना पोहता यावं म्हणून वरच्या गावांतल्या सांडपाणी केंद्रांवर अतिनील किरणांनी जंतू मारण्याची सोय झाली. शहरातला किनारा वापरता यावा म्हणून खर्च शहराबाहेर करावा लागला. नेदरलँड्समधल्या नायमेखनमध्ये वाल नदीच्या काठाचा पूर अडवणारा बांध ३५० मीटर मागे घेऊन नदीला दुसरी वाट दिली. पुराची पातळी तिथे पस्तीसेक सेंटिमीटर उतरली आणि मधे तयार झालेल्या बेटावर उद्यान आलं. त्यासाठी सुमारे पन्नास घरं हटवावी लागली. अशा कुटुंबांशी बोलणं सुरुवातीलाच, पर्याय हातात घेऊन करायचं असतं. नकाशा मंजूर झाल्यावर केलेली ‘चर्चा’ ही फक्त सूचना असते.

बैठक सभागृहात घेण्यापेक्षा काठावर घ्यावी. त्याआधी २, २५ आणि १०० वर्षांच्या पुराच्या पातळ्या तीन रंगांत खांबांवर आणि भिंतींवर रंगवाव्यात. आपल्या डोक्याच्या वर गेलेली रंगीत रेघ बघितली की नकाशा वाचता न येणाऱ्यालाही सगळं कळतं. मग १:५०० चा नकाशा जमिनीवर पसरायचा, त्यात एक किलोमीटर नदी दोन मीटरमध्ये मावते. बाक, मैदान, स्वच्छतागृह यांचे त्याच मापाचे पुठ्ठे लोकांच्या हातात द्यायचे. प्रत्येक पुठ्ठ्यावर बांधकामाच्या खर्चासोबत दरवर्षीचा देखभालीचा खर्चही लिहिलेला हवा. एकच बैठक संध्याकाळी ठेवली तर कामावरून उशिरा परतणारे आणि घर सांभाळणाऱ्या बायका सुटतात, म्हणून वेळा बदलून तीन-चार बैठका घ्याव्यात. जे येत नाहीत त्यांच्यासाठी मोजणी करावी. दर तासाला पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून कोण जातं, कोण थांबतं, वय काय, बाई की पुरुष, हे कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी नोंदवावं. अंधार पडल्यावर बायकांची संख्या घटत असेल तर बाहेर पडण्याच्या वाटा दूर असणं हे त्याचं एक कारण असू शकतं. दर दोन-तीनशे मीटरवर वर चढायची वाट हवी, आणि पूर आला तरी तीच लागते.

सगळ्यात दुर्लक्षित खर्च गाळाचा. पूर ओसरल्यावर खालच्या पट्ट्यावर चिखलाचा थर राहतो. तो ओला असताना पाण्याच्या नळीनं धुता येतो. एकदा उन्हात वाळला की खोऱ्यानं खरवडावा लागतो आणि त्यात फरशीचे सांधे उखडतात. म्हणून पायवाटेला नदीकडे दोन टक्के उतार, ठरावीक अंतरावर पाण्याची जोडणी आणि छोटा लोडर उतरेल एवढी रुंद वाट हवी. वरच्या धरणातून किती क्युसेक सोडले की खालचा पट्टा किती तासांत बुडतो, याचा तक्ता करून प्रत्येक प्रवेशद्वारावर लावावा. आपल्याकडे ऊन असतानाही वर पडलेल्या पावसानं पाणी चढतं. फाटक कोण बंद करणार, भोंगा कोण वाजवणार आणि तो माणूस रजेवर असेल तर दुसरा कोण, ही नावं पहिल्या पावसाळ्याआधी लिहून झालेली असावीत.